दोन निवेदक आणि तिसरी साक्ष : जेम्स हॉगच्या ‘कन्फेशन्स’चा विचार

१

इंग्रजीतील गॉथिक कादंबरीचा प्रारंभ सामान्यतः होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कृतीपासून मानला जातो. पुढे ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ (१७९४), मॅथ्यू लुइसची ‘द मंक’ (१७९६), मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) आणि चार्ल्स मॅच्युरिनची ‘मेल्मथ द वाँडरर’ (१८२०) या कादंबऱ्यांनी ती परंपरा विस्तारली. या परंपरेतील भयानक रसाचे विभाव बहुधा बाह्य सृष्टीतील असतात. पडके किल्ले, भुयारे, मठांतील तळघरे, दूरदेशीचे क्रूर उमराव ही त्याची ठरून गेलेली सामग्री होय. १८२४ साली लंडनमध्ये लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झालेली ‘द प्रायव्हेट मेमॉयर्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर’ ही जेम्स हॉगची (१७७०–१८३५) कादंबरी काळाने या परंपरेच्या अखेरीस येते. तथापि तिच्यात किल्ला नाही आणि भुयारही नाही. आहे तो एक तरुण. आपल्या हातून चूक होणेच शक्य नाही, अशी त्याची खात्री पटलेली आहे. कादंबरीतील सारे भय या खात्रीतून उत्पन्न होते.

नावातील ‘जस्टिफाइड’ हा शब्द येथे पारिभाषिक अर्थाने आला आहे. ईश्वराने आपल्या कृपेने ज्याला आधीच निर्दोष ठरविले आहे, असा पापी हा त्याचा अर्थ. जॉन कॅल्व्हिनच्या शिकवणीला अनुसरणाऱ्या स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पंथात पूर्वनियतीचा सिद्धान्त मूलभूत मानला जाई. कोण तरणार आणि कोण बुडणार हे ईश्वराने सृष्टीच्या आरंभापूर्वीच निश्चित केले आहे, माणसाच्या पुण्यकर्माने त्यात बदल घडत नाही, असा त्याचा आशय. या सिद्धान्तातून स्वैराचाराला मोकळीक मिळते असे पंथातील अधिकृत धर्मवेत्त्यांनी कधीही मानले नाही. परंतु एकदा निवड झाली की नीतिनियमांचे बंधन उरत नाही, असे विपरीत अनुमान त्यातून काढणे तर्कदृष्ट्या शक्य होते, आणि हॉगचा नायक नेमके तेच काढतो. हा वाद हॉगच्या जन्मगावालाही अपरिचित नव्हता. १७०७ ते १७३२ या काळात एट्रिकचा धर्मोपदेशक असलेला टॉमस बॉस्टन हा ईश्वरी कृपा आणि नीतिनियम यांच्या संबंधाविषयी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये झालेल्या एका मोठ्या वादातील प्रमुख पुरुष होता, आणि त्याच्या पक्षाला प्रिय असलेल्या ग्रंथाचा चर्चच्या महासभेने १७२० साली निषेध केला होता.

या कादंबरीचे भाग्य विचित्र ठरले. पहिल्या आवृत्तीच्या न खपलेल्या प्रती १८२८ साली ‘द सुइसाइड्स ग्रेव्ह’ या नावाने पुन्हा बाजारात आल्या. हॉगच्या मृत्यूनंतर १८३७ साली निघालेल्या संग्रहात ती बरीच काटछाट करून छापली गेली. १९४७ साली फ्रेंच कादंबरीकार आंद्रे जीद याच्या प्रस्तावनेसह जी आवृत्ती निघाली, तिच्यामुळे ही कृती टीकाकारांच्या नजरेत खऱ्या अर्थाने भरली. तेव्हापासून तिच्यासंबंधीच्या चर्चेचा एक साचा ठरून गेला आहे. कादंबरीत दोन निवेदक आहेत, एक विवेकी आणि दुसरा भ्रमिष्ट. मग नायकाला भेटणारा गूढ पुरुष हा खरोखरीचा सैतान की त्याच्या रोगी मनाचा खेळ, हा प्रश्न पुढे येतो. आणि लेखकाने उत्तर मुद्दाम अनिश्चित ठेवले आहे, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. दोन निवेदकांतील विरोध वरवर दिसतो तितका खोल नाही, आणि ज्या ठिकाणी ते दोघेही एकमेकांसारखे आहेत त्याच ठिकाणी कादंबरीचे मर्म आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

२

कथानकाची रूपरेषा प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. कादंबरीचा पहिला भाग ‘संपादका’चे निवेदन आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस डॅलकॅसलचा जमीनदार जॉर्ज कोलवन एका कर्मठ धर्मनिष्ठ तरुणीशी, राबिना ऑर्ड हिच्याशी, विवाह करतो. स्वभाव मुळीच जुळत नाहीत. एकाच वाड्यात नवरा-बायको वेगवेगळ्या मजल्यांवर राहू लागतात. दोन मुलगे होतात. थोरला जॉर्ज बापाजवळ वाढतो. धाकट्या रॉबर्टला जमीनदार आपला मानीत नाही. त्याला आईचा धर्मगुरू रेव्हरंड रिंगिम वाढवितो, आपले नावही देतो, आणि तोच त्याचा खरा पिता असावा असे सूचित होते. दोघे भाऊ तरुणपणी एडिंबरो येथे एकमेकांसमोर येतात. रॉबर्ट सावलीसारखा जॉर्जच्या पाठीस लागतो. चेंडूफळीच्या मैदानावर, मद्यगृहात, चर्चमध्ये, जेथे जॉर्ज जाईल तेथे काळ्या वस्त्रांतील ही आकृती हजर होते. एका रात्री जॉर्जचा खून होतो. संशय त्याचा मित्र ड्रमंड याच्यावर जातो आणि ड्रमंड परागंदा होतो. वृद्ध जमीनदार शोकाने मरतो, रॉबर्टला वतन मिळते. जमीनदाराची घरकारभारीण मिसेस लोगन मात्र स्वस्थ बसत नाही. बेल कॅल्व्हर्ट या पतित स्त्रीच्या साक्षीवरून ती खऱ्या खुन्यापर्यंत पोहोचते. परंतु अटक होण्यापूर्वीच रॉबर्ट नाहीसा होतो.

दुसरा भाग रॉबर्टने स्वतः लिहिलेल्या आत्मवृत्ताचा आहे. २५ मार्च १७०४ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षात नुकतेच पदार्पण केले असता, आपली गणना ‘निवडलेल्यां’त झाल्याचे रिंगिमकडून त्याला समजते. त्याच दिवशी, त्या आनंदाच्या भरात रानात हिंडत असता, त्याला एक अनोळखी पुरुष भेटतो. हा पुरुष हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. त्याचे नाव गिल-मार्टिन. ज्याच्याकडे टक लावून पाहावे त्याचा चेहरा आपल्याला येतो, आणि चेहऱ्यामागोमाग त्याचे विचारही हस्तगत होतात, असे तो सांगतो. हा रशियाचा झार पीटर असून वेष पालटून हिंडत आहे, अशी रॉबर्टची समजूत होते. गिल-मार्टिनच्या चिथावणीने रॉबर्ट प्रथम ब्लँचर्ड नावाच्या सज्जन धर्मोपदेशकाचा आणि नंतर सख्ख्या भावाचा प्राण घेतो. पुढे त्याच्या आयुष्यातील महिनेच्या महिने त्याच्या स्मृतीतून गळून पडतात. त्या काळात आपल्या नावे घडलेली भयंकर कृत्ये तो इतरांच्या तोंडून ऐकतो. शेवटी तो रानोमाळ पळत सुटतो, आणि सप्टेंबर १७१२ मधील नोंदीपाशी हे आत्मवृत्त संपते. तिसऱ्या, अगदी छोट्या भागात संपादक पुन्हा येतो. एका आत्मघातक्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कबरीतून आपल्याला हे पुस्तक कसे मिळाले ते सांगतो, आणि याचा अर्थ आपल्याला कळला नाही असे म्हणून निरोप घेतो.

एकच कथा दोनदा सांगण्याची ही योजना केवळ चमत्कृतीसाठी नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच संपादकाने जोडलेल्या परंपरागत हकीकतींचा आणि ‘इतर पुराव्या’चा उल्लेख आहे. पहिल्या आवृत्तीच्या आरंभी तर रॉबर्टच्या हस्ताक्षराची म्हणून एक प्रतिकृतीही छापली होती. पुरावा, साक्ष, हस्तलेख ही न्यायालयाची आणि संशोधनाची परिभाषा कादंबरी प्रारंभापासून वापरते. म्हणून तिच्यातील प्रत्येक निवेदकाला साक्षीदार समजूनच तपासले पाहिजे.

३

संपादकाचा आवाज शांत, सुसंस्कृत, किंचित उपरोधिक आहे. तो एकोणिसाव्या शतकातील एडिंबरोचा सुशिक्षित गृहस्थ आहे. धर्मवेडाला तो हसतो, ऐकीव गोष्टी कागदपत्रांशी ताडून पाहतो. त्यामुळे वाचक सहजच त्याच्या बाजूचा होतो. परंतु हे निवेदन बारकाईने वाचले असता त्याची तटस्थता केवळ शैलीत आहे असे दिसून येते.

याचे पहिले उदाहरण कादंबरीच्या आरंभीच सापडते. लग्नाच्या रात्रीच राबिना नवऱ्याचे घर सोडून बापाकडे पळून येते. बाप तिला पुन्हा घरात घेण्याचे सोडून, ‘जमीनदाराच्या बायको’वर सूड उगवतो आहोत असा आव आणून, स्वतःच्याच मुलीला मारतो. संपादक हा प्रसंग विनोद म्हणून सांगतो. वाचकही हसतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याच्या पुष्कळ उशिरा ध्यानात येते. दुसरे उदाहरण जॉर्जचे. हा तरुण मोकळ्या मनाचा, खेळाडू, उदार असा रंगविला आहे, आणि तो तसा असेलही. पण खुनाच्या रात्री तो आणि त्याचे मित्र मद्यगृहातून उठून वेश्यागृहाकडे वळले होते, ही गोष्ट संपादक जाता जाता एका वाक्यात उरकतो. रॉबर्टच्या बाजूची लहानशी त्रुटीही मात्र त्याच्या लेखणीतून निसटत नाही. संपादकाचीही एक निवड आहे. त्याने आपली माणसे आधीच निवडलेली आहेत. ती कुलीन, आनंदी, त्याच्याच वर्गातील माणसे आहेत.

आर्थर्स सीट या एडिंबरोजवळच्या टेकडीवरील प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहाटेच्या धुक्यात जॉर्जला आपल्या भावाची प्रचंड, विक्राळ आकृती ढगावर दिसते. घाबरून पळू पाहतो तो प्रत्यक्ष भावावरच जाऊन आदळतो. धुक्यावर पडलेली छाया मोठी होऊन दिसते, हा सृष्टीतील कार्यकारणभाव आज सर्वांस ठाऊक आहे, आणि संपादकाचाही कल अशा स्पष्टीकरणाकडे आहे. परंतु छायेचा उलगडा झाला तरी त्या निर्जन कड्यावर, त्या क्षणी, भाऊ तेथे कसा आला याचा उलगडा होत नाही. आत्मवृत्तात तोच प्रसंग येतो तेव्हा गिल-मार्टिनने रॉबर्टला भावाला कड्यावरून लोटून देण्यासाठी पाठविले होते, असे कळते. वाटेत शुभ्र वस्त्रांतील एक स्त्री त्याला या दुष्ट हेतूबद्दल धिक्कारते, ही गोष्ट तर संपादकाच्या पुराव्यात कोठेच नाही. संपादकाच्या पद्धतीने प्रकाशाचे गणित सुटते, माणसाच्या मनातील काळोखाचे मात्र सुटत नाही.

शेवटच्या भागात ही पद्धत उघडीच पडते. दंतकथेतील कबर खणून, देहाचे अवशेष उचकून, चामड्याच्या आवरणातील पुस्तिका संपादक हस्तगत करतो. एवढे सारे हाती आल्यावर तो म्हणतो काय? सैतान एखाद्या माणसाच्या नित्य सहवासात असतो यावर आजच्या काळात कोण विश्वास ठेवणार. लिहिणारा एक तर मूर्ख असावा, नाही तर आपणच वर्णिलेला पापी असल्याची समजूत झालेला धर्मवेडा. ज्या प्रश्नासाठी कबर उकरली तो प्रश्न असा एका वाक्यात निकालात निघतो. आपल्या युगाची समजूत हीच अंतिम आहे, अशी संपादकाची खात्री आहे, आणि त्या खात्रीचा भंग कोणत्याही पुराव्याने होणार नाही.

४

रॉबर्टची खात्री निराळ्या कुळातील आहे, पण तिचे वर्तन तेच आहे. त्याचा विचार करताना एक गोष्ट विसरता कामा नये. गिल-मार्टिन भेटण्यापूर्वीच रॉबर्ट बिघडलेला आहे. शाळेत आपल्यापेक्षा हुशार असलेल्या मगिल नावाच्या मुलाला त्याने खोटा पुरावा रचून शिक्षा भोगावयास लावलेली आहे. रिंगिमकडील जुना, स्पष्टवक्ता नोकर जॉन बार्नेट याच्याविरुद्ध त्याने कागाळ्या केल्या, आणि परिणामी त्या नोकराचा त्या घराशी संबंध सुटला. तेव्हा सैतान येऊन त्याने एका निष्पाप तरुणाला नादी लावले, असे हे कथानक नाही. दार आधीच आतून उघडलेले होते. दुसऱ्या बाजूने, गिल-मार्टिन हा निव्वळ भ्रम आहे असे म्हणण्यासही कादंबरी वाव देत नाही. मृत जॉर्जसारखा दिसणारा एक पुरुष रॉबर्टच्या बरोबर फिरताना मिसेस लोगन आणि बेल कॅल्व्हर्ट या दोघींनीही पाहिला आहे, आणि ही साक्ष संपादकाच्याच भागात नोंदलेली आहे. जीदने या सैतानाचे सामर्थ्य मानसशास्त्रीय असल्याचे म्हटले, ते या अर्थाने योग्यच होते: येथील सैतान जे करतो ते माणसाच्या मनातूनच करतो. पण त्याला केवळ मनातलाच मानले तर या दोन स्त्रियांना खोटे ठरवावे लागते.

या पेचात मराठी भाषेतील एका शब्दाचे साहाय्य होण्यासारखे आहे. ‘झपाटणे’ हे क्रियापद भुताने झपाटलेल्याला लागते, तसेच एखाद्या विचाराने झपाटलेल्यालाही लागते. आणि दोन्ही ठिकाणी ते तितक्याच स्वाभाविकपणे लागते. बाहेरची शक्ती आणि आतला ध्यास यांच्यात कुंपण घालण्याची गरज या शब्दाला वाटत नाही. हॉगच्या कादंबरीला नेमकी हीच मनोवस्था अभिप्रेत आहे. सैतान की भ्रम हा प्रश्न संपादकाच्या युगाचा आहे. झपाटलेला माणूस नेमके काय गमावतो, हा कादंबरीचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर जॉर्जच्या खुनाच्या वर्णनात मिळते. रॉबर्टच्या आत्मवृत्तानुसार हा खून नव्हता. समोरासमोरच्या न्याय्य द्वंद्वात भाऊ पडला. परंतु लगेच तो कबूल करतो की ही हकीकत आपल्या थोर मित्राने आपल्याला सांगितली तशी दिली आहे, आणि आपली त्या वेळची प्रत्यक्ष जाणीव तिच्याशी काहीशी विसंगत होती. त्याच्या डोळ्यांनी एक पाहिले, मित्राने दुसरे सांगितले. आणि त्याने मित्राचे सांगणे खरे मानून लिहिले. साऱ्या कादंबरीत याहून भयंकर वाक्य नाही, आणि ते रक्ताविषयी नाही. स्वतःच्या डोळ्यांची साक्ष दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हेच झपाटणे. एकदा हे घडले की पुढचे सारे क्रमाने घडते. एडिंबरोतील आजारपणात आपण दोन माणसे आहोत असे त्याला वाटू लागते. विशेष असे की, त्या दोघांपैकी एकही तो स्वतः नसतो. एक गिल-मार्टिन असतो आणि दुसरा त्याचा भाऊ. पुढे महिने हरवतात, कृत्ये हरवतात, शेवटी ‘मी’ म्हणावयास कोणी उरत नाही. आत्मवृत्त या वाङ्मयप्रकाराला ‘मी’ची साक्ष अनिवार्य असते. जो स्वतःचा साक्षीदार राहिलेला नाही त्याने आत्मवृत्त लिहावे, हा या रचनेतील कठोर विरोध आहे.

खात्रीचे मूल्य असे चुकवावे लागते. संपादकाला आपल्या युगाच्या शहाणपणाची खात्री आहे, म्हणून जे त्यात बसत नाही ते त्याला दिसत नाही. रॉबर्टला आपल्या निवडीची खात्री आहे, म्हणून जे दिसले तेही तो मानीत नाही. एक निवेदक हसतो, दुसरा शाप देतो. साक्षीदार म्हणून दोघेही सारखेच निकामी आहेत.

५

मग कादंबरीत विश्वसनीय साक्ष आहे तरी कोणाची? हिचे उत्तर दोन्ही निवेदनांच्या कडेकडेने, बोलीत बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी विखुरलेले आहे.

मिसेस लोगनच्या घरी चोरी होते आणि बेल कॅल्व्हर्टवर खटला चालतो. साक्षीसाठी मोलकरीण बेसी गिलीस हिला उभे करतात. हा प्रसंग हॉगने अस्सल स्कॉट्स बोलीत लिहिला आहे, आणि त्यातील विनोद संपादकाच्या विनोदाहून निराळ्या जातीचा आहे. समोर ठेवलेली चांदीची भांडी मालकिणीच्या भांड्यांसारखी दिसतात, हे बेसी मान्य करते. पण ती तीच आहेत असे शपथेवर सांगावयास ती तयार नाही, कारण सारखेपणा ही ओळखीची भरवशाची खूण नव्हे. आरोपी सुटावी असे त्या वेळी मालकिणीलाच वाटत होते आणि बेसीला ते ठाऊक असावे, हे खरे. तरीही तिच्या उत्तराचे मोल कमी होत नाही. ज्या कादंबरीतील सैतान दुसऱ्याचा चेहरा धारण करण्यावर जगतो, तिच्यात एक मोलकरीण सांगते की ‘सारखे’ म्हणजे ‘तेच’ नव्हे. रॉबर्टने गिल-मार्टिनच्या पहिल्या भेटीत एवढाच विचार केला असता तर पुढचे काहीच घडते ना. ज्या शहाणपणाने रॉबर्ट वाचला असता ते धर्मगुरूजवळ नव्हते, विद्वानाजवळही नव्हते. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या एका मोलकरणीजवळ होते.

बेल कॅल्व्हर्टची साक्ष याच मालेतील आहे. खुनाच्या रात्री तिने खिडकीतून ड्रमंडला एका दिशेने जाताना पाहिले आणि त्याच्यासारखाच पेहराव केलेली दुसरी आकृती निराळ्या दिशेने येताना पाहिली. सारखेपणाने ती फसत नाही, म्हणूनच एका निरपराध माणसाचे निर्दोषत्व ती जाणते. पण तिचा धंदा आणि तिचा लौकिक असा की तिच्या शब्दाला कोणी किंमत देणार नाही. कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचे सत्य ज्या मुखातून यावयाचे, ते मुख समाजाने आधीच अविश्वसनीय ठरविलेले आहे. निवड आणि धिक्कार यांचे जे गणित धर्मशास्त्रात चालते, तेच न्यायालयात आणि रस्त्यावरही चालते.

आत्मवृत्ताच्या उत्तरार्धात रॉबर्टचा नोकर सॅम्युएल स्क्रेप त्याला ऑख्टरमक्टी या गावाची एक कथा ऐकवितो. त्या गावात एक अद्भुत वक्ता येतो. साऱ्या गावाला आपल्या प्रवचनाने भारून टाकतो. लोक त्याच्या कठोर शब्दांनी घायाळ होतात आणि त्यातच धन्यता मानतात. रॉबिन रूव्हन नावाचा एक साधा म्हातारा मात्र पुढे होऊन त्याचा झगा वर उचलतो, आणि दुभंगलेले खूर सर्वांना दिसतात. धन्याविषयी गावात काय बोलले जाते हे नोकर या कथेच्या आडून सांगत असतो. रॉबर्ट हादरतो. पुढे गिल-मार्टिन भेटतो तेव्हा तो चोरून त्याच्या पायाकडे पाहतो, आणि ते पाऊल सर्वस्वी एका सभ्य गृहस्थाचे असते. येथे हॉगचे सामर्थ्य दिसते. लोककथेची खूण जशीच्या तशी वापरून सत्य हाती लागत नाही. कथेचा बोध पायात नाही. ज्या शब्दांनी आपण भारले गेलो आहोत ते शब्द उचलून पाहावेत, यात आहे. रॉबर्ट पाऊल पाहतो, शिकवण पाहत नाही.

शेवटची साक्ष स्वतः हॉगची. हॉगला औपचारिक शिक्षण अवघे काही महिन्यांचे लाभले. लहानपणापासून तो गुरे-मेंढ्या राखीत असे. वाल्टर स्कॉटने ‘मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’ (१८०२–०३) या संग्रहासाठी लोकगीते गोळा केली, तेव्हा हॉग आणि त्याची आई मार्गारेट लेडलॉ यांनी त्याला गीते पुरविली. गाण्यासाठी असलेली गीते छापून तुम्ही त्यांचा नाश केला, असे त्या माऊलीने स्कॉटला सुनावल्याची आठवण हॉगने लिहून ठेवली आहे. ‘द क्वीन्स वेक’ (१८१३) या काव्याने हॉगला कीर्ती मिळाली. पण एडिंबरोच्या ‘ब्लॅकवुड्स’ मासिकातील ‘नॉक्टीझ अँब्रोझिआनी’ या १८२२ ते १८३५ या काळात चाललेल्या संवादमालेत त्याच्याच मित्रांनी त्याला ‘मेंढपाळ’ या नावाने रंगविले. हे पात्र बोलण्यात चतुर, पण खाण्यापिण्यात रमणारे, थोडेसे हास्यास्पद असे होते. हॉगला नक्कल म्हणजे काय हे ठाऊक होते. त्याच्या चेहऱ्याची एक नक्कल त्याच्या हयातीत वारंवार छापून निघत होती.

ऑगस्ट १८२३ मध्ये त्याच मासिकात हॉगच्या नावाने एक पत्र आले होते, त्यात डोंगरावरील एका आत्मघातक्याच्या कबरीचे वर्णन होते. कादंबरीचा संपादक त्याच पत्राचा आधार घेतो आणि पत्रातील माहिती पूर्ण विश्वसनीय नसल्याचे त्याला आढळते. तो मेंढ्यांच्या बाजारात खुद्द हॉगला गाठून वाट दाखविण्याची विनंती करतो. हॉग आपल्या बोलीत नकार देतो: मेंढ्यांचा सौदा चालू आहे, शंभर वर्षांची हाडे उकरावयास वेळ नाही. लेखक स्वतःच्या कादंबरीत येतो तो केवळ एवढ्यासाठी. हा नकार म्हणजे विनोद आहेच. पण तो एक निर्णयही आहे. कबर उकरणाऱ्या विद्वानांच्या टोळीत हॉग सामील होत नाही. तो मेलेल्या माणसाला त्याच्या जागी राहू देतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. संपादकाला इतके दोषी धरणे अन्याय्य नाही काय? बेसी, बेल, सॅम्युएल यांचे शब्द आपल्यापर्यंत त्याच्याच संपादनातून पोहोचले. त्याने नोंद केली नसती तर तिसरी साक्ष हरवली असती. हा आक्षेप खरा आहे, आणि तो कादंबरीच्या विरोधात जात नाही. संपादकाने नोंद केली हा त्याचा गुण. आपण नोंदलेल्याचे मोल त्याला कळले नाही हा त्याचा दोष. संशोधनात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, हे हॉगने ओळखले होते. कागद जपणारा हात आणि कागद वाचणारी दृष्टी यांत अंतर असते.

दुसरा आक्षेप असा की, बोलीत बोलणारी साधी माणसे खरी आणि शिकलेली खोटी, अशी भाबडी विभागणी येथे होत आहे. कादंबरी स्वतःच त्यास उत्तर देते. ऑख्टरमक्टीचे सारे गाव बोलीतच बोलते, आणि तरीही सैतानाच्या प्रवचनाला भुलते. वाचवितो तो एकटा म्हातारा, जो वक्तृत्वाच्या प्रवाहात वाहून जात नाही. तेव्हा फरक भाषेचा किंवा वर्गाचा नाही. आपण जे पाहिले तेवढेच सांगणे आणि जे पाहिले नाही त्याची शपथ न घेणे, हा संयम ज्याच्याजवळ आहे तो विश्वसनीय. हा संयम त्या काळच्या एडिंबरोत विद्वत्तेला आणि धर्मनिष्ठेला दुर्मीळ झाला होता, म्हणून हॉगला तो मोलकरणीच्या तोंडी घालावा लागला.

या कादंबरीचा वारसा पुढे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ (१८८६) आणि ‘द मास्टर ऑफ बॅलंट्रे’ (१८८९) या कृतींत दिसतो, आणि एमा टेनंटच्या ‘द बॅड सिस्टर’ (१९७८) पासून जेम्स रॉबर्टसनच्या ‘द टेस्टामेंट ऑफ गिडियन मॅक’ (२००६) पर्यंत तो चालत आला आहे. या साऱ्यांत द्वैताचे, एका देहात दोन माणसांचे सूत्र प्रामुख्याने उचलले गेले. ते सूत्र हॉगमध्ये आहेच. परंतु द्वैत हे त्याच्या येथे लक्षण आहे. रोग खात्रीचा आहे. ज्याला शंका घेता येते तो एकसंध राहतो, आणि ज्याची शंका संपली तो दुभंगतो, असे या कादंबरीचे म्हणणे आहे.

या कादंबरीत दोन निवेदकांचा वाद मिटत नाही, आणि तो मिटावा अशी अपेक्षाही नाही. वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवून हॉग त्याच्यापुढे दोन साक्षीदार उभे करतो, आणि दोघेही आपापली बाजू पूर्ण खात्रीने मांडतात. त्यातून निवाडा देण्याची घाई ज्याला होईल, तो नकळत त्या दोघांच्याच रांगेत जाऊन बसतो. ज्याला बेसी गिलीसचे उत्तर आठवेल, त्याला निवाडा देता येणार नाही कदाचित. पण खोटी शपथ घेण्याचे तरी त्याच्याकडून घडणार नाही.